पोर, पारा आणि पियानो

दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये एक पियानो आहे, हे तिथं वर्षानुवर्षं येणाऱ्या पेशंटांनाही ठाऊक नव्हतं. त्याच्या डोक्यावर जुन्या मासिकांचा ढीग, ढिगावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी आणि झाकणाला टेकवलेला, दात कसे घासावेत याचा रंगीत तक्ता. दाढ ठणकत असताना माणूस समोरच्या लाकडाकडे बघतो थोडाच! लोक त्यावर छत्र्या ठेवत, हेल्मेटं ठेवत. एकदा तर एका बाईनं भाजीची पिशवी ठेवली आणि दात काढून झाल्यावर ती तशीच विसरून गेली.

हा पसारा एका सकाळी डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं हलवला आणि सूरमावशीला बोलावलं.

सूरमावशी म्हणजे पियानोचे सूर लावणारी. वय चौपन्न. वडिलांकडून ही विद्या आणि त्यांची कातडी बॅग अशा दोन्ही गोष्टी तिच्याकडे आल्या, त्याला आता तीस वर्षं झाली होती. खरं नाव फक्त ओळखपत्रावर उरलं होतं. लहान मुलं मावशी म्हणत, त्यांच्या आया मावशी म्हणत आणि तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले संगीतशिक्षकही मावशीच म्हणत.

"हा आईच्या माहेरचा," डॉक्टर म्हणाले. "एका शाळेला द्यायचाय. त्यांचं नवं सत्र सुरू व्हायला तीन महिने आहेत. तोवर वाजण्याजोगा करून द्या."

"बघते. उंदरांनी काही ठेवलं असलं तर होईल."

"आणि एक सांगायचं होतं." डॉक्टरांनी जिन्याकडे बघून आवाज उतरवला. "आई वरच राहते. तिच्यासमोर याचा विषय नको. लहानपणी मी एकदा झाकण उघडून दोन-चार पट्ट्या बडवल्या, तर ती दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. रोज दहा ते बारा ती लायब्ररीत असते. तेवढ्या वेळात काय ते उरका."

मावशीनं मान डोलावली. लोकांच्या घरातले पियानो उघडले की आतून काय काय निघतं, हे तिला पाठ होतं: हरवलेल्या अंगठ्या, नापास झालेली प्रगतिपुस्तकं, एकदा एक अख्खी कवळी. न विचारणं हाही धंद्याचाच भाग.

तिनं पुढची फळी काढली, हातोड्यांचा सांगाडा उचलून जमिनीवर ठेवला आणि डावीकडची पहिली पट्टी ओढून बाहेर घेतली. बाहेरून ही पट्टी चार बोटं दिसते, पण आत ती चांगली हातभर लांब लाकडी काठी असते. जुने सूर लावणारे या पहिल्या पट्टीच्या अंगावर पेन्सिलीनं तारीख टाकत. मावशीचे वडीलही टाकत. पण या पट्टीवर तारखा होत्या तशी वाक्यंही होती. बारीक, तिरपं अक्षर, चार वेगवेगळ्या वेळी लिहिलेलं, आणि भाषा परकी. सगळ्यांत शेवटी, सही असावी तसा एकच शब्द: मेन्ती.

"मेन्तीबुवा," मावशी त्या पट्टीला म्हणाली, "एवढं काय लिहून ठेवलंत?"

तिनं वाक्यं वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली आणि घरी जाऊन फोनमध्ये घातली. फोन म्हणाला, ही स्पॅनिश. पुढे फोनला जे सुचलं ते असं: 'मी त्याला मुलीसाठी बारीक केले.' 'दोन तास खेळली.' 'तीन वर्षे केले की कोणी नाही. तिच्यासाठी बारीक केले.' आणि शेवटचं: 'नऊ वर्षे येत घेऊन जात होता. आज खेळली. सांगितले की आता नीट ऐकू येत नाही खेळण्यासाठी.'

बारीक म्हणजे सूर लावला आणि खेळली म्हणजे वाजवला, एवढं मावशीनं जुळवलं. मात्र शेवटच्या ओळीपाशी तिचं बोट थबकलं. नीट ऐकू येत नाही. नऊ वर्षं.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. कारण गेली दोन वर्षं तिला स्वतःलाच वरचे सूर नीट ऐकू येत नव्हते. ही गोष्ट तिनं कुणालाही, सख्ख्या ताईलाही सांगितली नव्हती. पियानोच्या उजव्या टोकाचे शेवटचे आठ-दहा सूर तिला पूर्वी काचेवर टिचकी मारल्यासारखे लख्ख यायचे. आता लाकडावर नख आपटल्याचा आवाज तेवढा येई. ती फोनवरचं सूर मोजणारं ॲप उघडून बॅगेच्या झाकणामागे लपवून ठेवायची आणि काटा मधोमध आला की खुंटी सोडायची. चोरी पकडली जाईल म्हणून प्रत्येक घरातून ती काढता पाय घेई. सूर लावणारी आणि बहिरी! म्हणजे आंधळ्या रंगाऱ्यासारखं. लोक हसतील आणि वर दया करतील, यातलं दुसरं तिला जास्त झोंबणार होतं.

आणि इथं हा मेन्तीबुवा नऊ वर्षं ऐकू न येता काम करत होता! कसं? कानाऐवजी काय वापरत होता? की नऊ वर्षं दुसऱ्याच कशाला झाली होती? फोनला पुन्हा विचारलं तर तो आणखी तिसरंच काही सांगे.

"ताई, मी स्पॅनिश शिकणार," तिनं जेवताना जाहीर केलं.

ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. दोघी एकत्रच राहत. ताईनं आमटीचा डाव तसाच हवेत धरला. "मला वाटलं, तू गुडघ्यांचं काही करणार आहेस."

"गुडघे कुठे पळून जात नाहीत."

"तोच तर त्यांचा प्रॉब्लेम आहे," ताई म्हणाली.

स्पॅनिशचा वर्ग एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी भरे. जिन्यात इस्त्रीच्या वाफेचा ऊबदार वास असायचा, आणि खालचं मोठं यंत्र फिरू लागलं की फळ्यावरचा खडू आपोआप थरथरायचा. शिकवणाऱ्या बाईंनी बावीस वर्षं जहाजांवर नर्सचं काम केलं होतं. सगळे त्यांना सेन्योरा म्हणत. वर्गात नऊ जण होते. मावशी शेजारच्या बाकावरच्या पोस्टातल्या कारकुनाशी बोलत असे. तो फुटबॉलच्या सामन्यांचं समालोचन मुळातून कळावं म्हणून शिकत होता.

आपली वही मावशीनं कुणाला दाखवली नाही. एक तर दुसऱ्याच्या घरातली गोष्ट. शिवाय 'ऐकू येत नाही' या शब्दांवर कुणी बोट ठेवलं असतं, तर आपला चेहरा काय करील याचा तिला भरवसा नव्हता. ती सुटे सुटे शब्द विचारायची. 'निन्या' म्हणजे लहान मुलगी. 'एया' म्हणजे ती. मुलगी कुठली? डॉक्टरांच्या आईच्या माहेरचा पियानो, म्हणजे ही मुलगी वरच्या मजल्यावर तर राहत नाही ना? पण तिथं विचारायची बंदी.

दीड महिन्यानंतर एका शुक्रवारी सेन्योरांनी फळ्यावर लिहिलं: किती वेळ?

"झालेल्या गोष्टीला किती वेळ लागला, हे सांगायच्या तीन तऱ्हा," त्या म्हणाल्या. "पहिली, दुरांते. 'ती दोन तास वाजवत बसली.' सुरू झालं, संपलं, डबा भरून झाकण लावलं. आत काय होतं ते कळलं, पुढे काही व्हायचं नाही."

मावशीनं खाली मान घालून वहीतल्या दुसऱ्या वाक्याशेजारी खूण केली.

"दुसरी, आसिया."

"खंड?" कारकून म्हणाला.

"खंडच म्हणा, पण वेळेचा. एका जागी उभं राहून मागे बघायचं. 'मी आले तेव्हा तीन वर्षं त्या घरात कुणी राहत नव्हतं.' झाकण नाही. मी आले त्या क्षणीही घर रिकामंच आहे." सेन्योरांनी खडू हातावर आपटला. "आणि तिसरी माझ्या आवडीची. येबाबा."

सगळे हसले. "ये बाबा!" मागून कुणीतरी हाक मारली.

"हसा. पण म्हणजे विसरणार नाही. याचा खरा अर्थ वाहून नेणं. 'मी नऊ वर्षं येत होतो' असं म्हणायचं तर ते लोक म्हणतात, नऊ वर्षं मी वाहत होतो, येत येत. ओझं अजून खांद्यावर आहे, खाली ठेवलेलं नाही. म्हणून असं वाक्य ऐकलं की पुढचं ऐकायला कान टवकारतात. नऊ वर्षं येत होतास, बरं, मग त्या दिवशी काय झालं?"

सेन्योरांनी 'नऊ' हा आकडा सहज घेतला होता, पण मावशीनं घाईनं वहीतलं ते पान शोधलं. तिच्या वहीत 'येबाबा'च्या पुढे 'विनिएन्दो' होतं. येत येत. म्हणजे नऊ वर्षं येण्याला झाली होती, न ऐकू येण्याला नव्हे! हा माणूस नऊ वर्षं त्या घरी येत होता, आणि मग त्या दिवशी काहीतरी झालं.

घरी जाताना ती दोन गल्ल्या चुकली.

दरम्यान पियानो आकाराला येत होता. तिनं कसरीनं खाल्लेल्या लोकरीच्या गाद्या बदलल्या, गंजलेल्या सात तारा नव्या घातल्या, पट्ट्या घासूनपुसून पुन्हा बसवल्या. मग सूर लावायला घेतले. एका बुधवारी पावणेबाराला ती उजव्या टोकाला पोचली. फोनवरचा काटा बघत तिनं शेवटचे सूर एकेक करून मधोमध आणले. हिशेबानं सगळं चोख. बॅग आवरायला ती वळली तर जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर डॉक्टरांच्या आई, म्हणजे आजी, उभ्या होत्या.

त्या लवकर परतल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, सरळ पाठीच्या, हातात पुस्तकांची पिशवी. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मावशी गुन्हेगारासारखी उभी राहिली.

"वरचे शेवटचे पाच सूर उतरलेत," आजी शांतपणे म्हणाल्या. "मापानं बरोबर असतील. पण वर गेलं की कान थोडं जास्त मागतो." आणि कठड्याला धरून त्या वर निघून गेल्या.

मावशी पेशंटांच्या खुर्चीत बसली. त्यांचं खरं होतं. अगदी वरचे सूर मापाहून केसभर चढे ठेवावे लागतात, नाहीतर ते पडल्यासारखे वाटतात. वडिलांनी तिला हे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण तो केस किती, हे ठरवायला कानच लागतो. तिची चोरी एका म्हातारीनं जिन्यावरून पकडली होती. आणि ज्या बाईला पियानोचा आवाज सहन होत नाही म्हणतात, तिला पियानोबद्दल एवढं कसं कळत होतं?

पुढच्या मंगळवारी मावशी वर्गात पहिल्या बाकावर बसली.

फळ्यावर होतं: कशासाठी? कशामुळे?

"आपली भाषा इथं आळशी आहे," सेन्योरा म्हणाल्या. "'मुलीसाठी खाऊ आणला' आणि 'मुलीसाठी नोकरी सोडली'. दोन्हीकडे 'साठी'. त्यांच्याकडे दोन शब्द. पहिल्याला पारा, दुसऱ्याला पोर. पारा समोर असतो: जिथं पोचायचं ते ठिकाण, ज्याच्या हातात द्यायचं तो माणूस. पोर पाठीमागे असतं आणि ढकलतं: तिच्यामुळे, तिच्याखातर."

"पोर मागून ढकलतं, हे मला सांगायला नको," कारकून म्हणाला. "तीन आहेत."

मावशी वही बघत होती. पहिल्या वेळी लिहिलं होतं, पारा ला निन्या. मुलीच्या हातात द्यायला सूर लावला. तिसऱ्या वेळी, तीन वर्षं कुणी वाजवत नव्हतं तेव्हा लिहिलं होतं, पोर एया. तिच्याखातर. द्यायला समोर कुणी नव्हतंच, तरी लावला. एक शब्द बदलला होता आणि तेवढ्यात एक मुलगी पियानोपासून उठून गेली होती.

"आता अवघड भाग," सेन्योरा म्हणाल्या. "'तिनं वाजवलं म्हणून मी थांबलो' आणि 'तिनं वाजवावं म्हणून मी थांबलो'. इथं मात्र आपली भाषा हुशार. 'म्हणून' तोच, पण 'वाजवलं'मध्ये गोष्ट घडलीय, 'वाजवावं'मध्ये नुसती इच्छा. हे 'वाजवावं' म्हणजे त्यांचं पारा के... तोकारा."

"तोकारा!" मावशी जवळजवळ ओरडली.

सेन्योरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मावशी, तुम्ही दोन महिने मला वाजवणं आणि सूर असेच शब्द विचारताय. ती वही आणा बघू इकडे."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मावशीनं वही पुढे केली, पण शेवटची ओळ हातानं झाकून. "ही मी वाचते. चुकलं तर सांगा." आणि ती बोट ठेवत ठेवत म्हणाली, "नऊ वर्षं येत होतो. आज तिनं वाजवलं. मी तिला सांगितलं... की मला आता नीट ऐकू येत नाही... तिनं वाजवावं म्हणून."

ती थांबली. खालचं यंत्रही नेमकं तेव्हाच थांबलं.

"वाजवावं म्हणून सांगितलं," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे ऐकू येत होतं की नव्हतं? मेन्तीबुवांना?"

"कुणाला?"

"हे काय, खाली सही आहे. मेन्ती."

सेन्योरांनी वही डोळ्यांजवळ नेली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "अहो, हे नाव नाही. झालेल्या गोष्टीचं क्रियापद आहे. मेन्ती म्हणजे 'मी खोटं बोललो'."

अख्खा वर्ग हसला. मावशीही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण त्यातलं सगळं पाणी हसण्याचं नव्हतं. दोन महिने तिनं या माणसाला मनातल्या मनात सोबती मानलं होतं. कान गेल्यावरही कामाला जाणारा, आपल्याच जातकुळीचा. आणि तो ठणठणीत कानांचा निघाला!

मात्र दुसरी गोष्ट तिला घरी गेल्यावर सुचली. त्यानं खोटं बोलल्याचं लिहून ठेवलं, पण जिला ते सांगितलं होतं तिला कधी कळलं का? पट्टीचा तो भाग फळीच्या आत असतो. सूर लावणाऱ्याशिवाय कुणी बघत नाही.

बुधवारी ती मुद्दाम बारानंतर गेली. डॉक्टर आतल्या खोलीत कुणाची तरी दाढ कोरत होते. मावशीनं फळी काढली, पहिली पट्टी ओढून घेतली आणि ती मुठीत धरून जिना चढली. 'विषय काढू नका,' डॉक्टर म्हणाले होते. विषय काढायचा नव्हताच. नुसता हातात द्यायचा होता.

आजी खिडकीशी वाचत बसल्या होत्या. मावशीनं पट्टी त्यांच्या पुस्तकावर ठेवली.

आजींनी आधी भिंग घेतलं, मग ते बाजूला ठेवून पट्टी उजेडात तिरपी धरली. त्यांचे ओठ हलत होते. मावशीनं वर्गात अडखळत वाचलेली ती भाषा त्यांच्या तोंडून पाण्यासारखी वाहत होती; त्यांच्या माहेरचीच होती ती.

"माएस्त्रोचं अक्षर," त्या म्हणाल्या. "आम्ही त्याला माएस्त्रो म्हणायचो, म्हणजे उस्ताद. बुटका होता. जिना चढताना प्रत्येक पायरीला नाव ठेवायचा." मग त्या शेवटच्या ओळीपाशी आल्या, आणि खाली त्या एका शब्दापाशी.

"लबाड!" आजी एकदम म्हणाल्या. "लबाड माणूस!"

"काय झालं होतं?" मावशीनं विचारलं. इतके दिवस दाबलेला प्रश्न असा आपसूक सुटला.

"मी आणि दादा मिळून वाजवायचो. डावीकडची बाजू त्याची, उजवीकडची माझी. मी दहा वर्षांची असताना माएस्त्रो यायला लागला, आणि त्याच वर्षी दादा तापानं गेला. मग मी झाकण लावलं. अर्धा पियानो कसा वाजवायचा? पण माएस्त्रो दर सहा महिन्यांनी यायचा, सूर लावायचा आणि जायचा. आईनं दोनदा सांगितलं, आता गरज नाही. त्यानं ऐकलं नाही. मी दारातून बघायचे, बोलायचे नाही. मी एकोणीस वर्षांची झाले तेव्हा एक दिवस तो मला म्हणाला, 'पोरी, माझे कान चाललेत. हा सूर बरोबर आहे का, एवढं सांगशील? नाहीतर माझं पोट कसं चालायचं?' मी एक पट्टी दाबली. म्हटलं, थोडा खाली आहे. मग दुसरी. मग म्हणतो, 'सुटे सूर मला मुळीच कळत नाहीत गं, गाणं वाजव, म्हणजे अंदाज येईल.'"

"आणि वाजवलंत."

"पाच मिनिटं. त्यानंतर चार वर्षं, तो आला की वाजवायचे. त्याच्यासमोर हातवारे करायचे, कानाशी जाऊन ओरडायचे. रस्त्यात गाडीखाली येईल म्हणून कोपऱ्यापर्यंत हात धरून सोडायला जायचे! आणि त्याला सगळं ऐकू येत होतं?" आजींना हसू आणि राग एकदमच आला. "मग माझं लग्न झालं, मी जहाजानं इकडे आले. आईनं पियानोही पाठवला. पण झाकण उघडलं की एकच विचार यायचा: आपण निघून आलो, आता त्या बहिऱ्या म्हाताऱ्याला सूर कोण सांगत असेल? उपाशी तर मेला नसेल? साठ वर्षं मी हे मनावर घेऊन बसले, बाई. आणि वाटायचं, दादा गेल्यावर जे वाजवलं ते माझं नव्हतंच. त्याच्या कामासाठी होतं."

"तुम्ही त्याच्यासाठी वाजवत होता," मावशी म्हणाली, "आणि तो तुमच्यासाठी बहिरा झाला होता."

"पोर मी," आजी स्वतःशीच म्हणाल्या. माझ्याखातर. त्यांनी पट्टी पुन्हा एकदा वाचली, मग मावशीकडे रोखून बघितलं. "आणि तुमचं काय? वरचे सूर पडू दिलेत ते मला खाली बोलवायला, की खरंच?"

मावशीनं तोंड उघडलं. इतके दिवस जपलेली सबब जिभेवर आली आणि तिथंच विरघळली. "माझं खरंच आहे, आजी," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. वरचं काही येत नाही."

तिनं हे पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. छत कोसळलं नाही. आजींना दयाही आलेली दिसली नाही. त्या उठल्या, पायात सपाता चढवल्या आणि म्हणाल्या, "चला. पाचच सूर आहेत."

खाली येऊन मावशीनं पट्टी जागेवर बसवली आणि खुंटीला चावी लावली. आजी शेजारच्या खुर्चीवर बसून पट्टी दाबत. "वर. अजून. थांबा, जास्त झालं. हां." चावीतून तार ताणल्याचं मावशीच्या हाताला कळे, आणि बाकीचं आजी सांगत. पाच सूर लावायला पाऊण तास लागला. दोन पेशंट येऊन बसले होते, एकानं विचारलं, "डॉक्टरांना वेळ लागेल का?" आणि आजींनी त्याला तर्जनीनं गप्प केलं.

मग त्यांनी खुर्ची मधोमध ओढली. सुरुवातीला नुसता उजवा हात होता, एक छोटी चाल, मुलांना शिकवतात तसली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा डावा हात वर आला, पट्ट्यांवर थोडा रेंगाळला आणि मग त्यानं दादाची बाजू धरली.

आतल्या खोलीतला ड्रिलचा आवाज थांबला. डॉक्टर मास्क हनुवटीवर ओढून दारात आले. त्यांच्या मागे, गळ्यात निळा रुमाल आणि तोंडात कापूस असलेला पेशंटही आला. आई थांबेपर्यंत ते चौकटीला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "शाळेला काय सांगू?"

"सांग की आईला वेळ नाही," आजी म्हणाल्या. "दुसरा बघा म्हणावं. मावशी शोधून देतील."

मावशीनं खरंच दिला शोधून. एका बंद पडलेल्या नृत्यशाळेतला होता, बरा होता. त्याचे वरचे सूर लावायला आजी रिक्षानं आल्या आणि जाताना शाळेच्या मुख्याध्यापिकेला चार सूचना देऊन गेल्या. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये मासिकांसाठी नवा स्टँड आला. गुरुवारी सकाळी आजी वाजवतात. दाढ दुखणारे लोक त्या दिवशीचीच वेळ मागून घेतात, असं डॉक्टर सांगतात, पण ते आईचं कौतुक असेल.

त्याच आठवड्यात मावशीनं ताईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ताई रडेल. ताई म्हणाली, "दोन वर्षं मी तुला प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा सांगतेय. मला वाटलं, तू मुद्दाम दुर्लक्ष करतेस. दोन वर्षं मी तुझ्यावर रागावून होते गं!" आणि दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

यंत्र बसवल्यावर पहिले दोन दिवस मावशीला वर्तमानपत्राची घडी उलगडल्याचा आवाजही पत्रा फाटल्यासारखा वाटला. तिसऱ्या दिवशी ती वर्गात गेली. लाँड्रीचं यंत्र, कारकुनाच्या पेनाचं टोपण, जिन्यावरची पावलं, सगळं एकमेकांच्या अंगावर धावून आलं. सेन्योरांनी शिकवायला तोंड उघडलं, आणि त्यांचा आवाज मावशीला इतके दिवस वाटला होता त्यापेक्षा चांगलाच चिरका निघाला.

मावशीनं हसू दाबत वही उघडली आणि नव्या पानावर धडा उतरवून घेऊ लागली. त्या दिवशी फळ्यावर भविष्यकाळ होता.